पस्तिशीच्या आतले पुरस्कार आणि आपली उशिरा निघालेली मुले

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात गुणवंतांचा सत्कार झाला. दहावी-बारावीची मुले झाली, नीटमध्ये नंबर लागलेली दोघे झाली, फौजदार झालेला एक पोरगा आला तेव्हा तर विहार टाळ्यांनी दणाणून गेला. सर्वांत शेवटी एका मुलीचे नाव पुकारले गेले. सूत्रसंचालकाने हातातली चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली, दोनदा अडखळला आणि म्हणाला, "मॉलि... मॉलिक्युलर... म्हणजे विज्ञानात डॉक्टरेट केली आहे आपल्या ताईंनी." तोवर मागच्या बाजूला खुर्च्या उचलायला सुरुवात झाली होती. शाल, पुष्पगुच्छ, फोटो, आणि कार्यक्रम संपला.

नंतर चहाच्या वेळी मी तिच्याशी बोललो. क्षयाचा जंतू औषधाला दाद देईनासा होतो, तेव्हा त्याच्या जनुकांत नेमके काय बदलते, यावर तिने सहा वर्षे काम केले आहे. मी आपला कौतुकाने म्हणालो, "बाळ, आता एखादा मोठा पुरस्कार मिळव. आपल्या समाजाचे नाव होईल." ती हसली. म्हणाली, "काका, तरुण शास्त्रज्ञांच्या पुरस्कारांना वयाची अट असते. कुठे पस्तीस, कुठे चाळीस. माझं चौतिसावं चालू आहे आणि अजून स्वतःची लॅब नाही. मी तरुण व्हायच्या आधीच त्यांच्या हिशोबानं म्हातारी झालेय."

हे वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून आजचा हा लेख.

आपल्या चळवळीत पुरस्कार म्हटले की साहित्याचे, समाजकार्याचे पुरस्कार डोळ्यांपुढे येतात. विज्ञानाच्या पुरस्कारांकडे आपण "ते त्यांचे" म्हणून पाहतो. ही फार मोठी चूक आहे. विज्ञानात पुरस्कार ही नुसती शोभेची ढाल नसते, पुढच्या सगळ्या दारांची ती किल्ली असते. शांतिस्वरूप भटनागर पुरस्काराचे उदाहरण घ्या. तो १९५८ पासून दिला जाऊ लागला, सीएसआयआरतर्फे, पंचेचाळीस वर्षांच्या आतल्या शास्त्रज्ञांना. पाच लाख रुपये मिळत, ते वेगळेच. पण ज्याला भटनागर मिळाला त्याला पुढे संशोधनाचा निधी मिळणे सोपे, हुशार विद्यार्थी त्याच्याकडे आपणहून येणार, निवड समित्यांवर त्याला बोलावणे येणार. आणि मुद्द्याची गोष्ट ही की या पुरस्कारासाठी नावे सुचवण्याचा अधिकार कुलगुरूंना, संस्थांच्या संचालकांना आणि आधी हा पुरस्कार मिळालेल्या शास्त्रज्ञांना असे. म्हणजे ज्याला काल मिळाला तो उद्याचे नाव सुचवणार! वर्तुळ कसे पूर्ण होते ते पाहा. अशा वर्तुळात बाहेरचा माणूस शिरत नाही, त्यासाठी कुणी कट करावा लागत नाही. माणूस आपल्या ओळखीतलेच नाव सुचवतो, आणि ओळखी कुठे होतात हे या देशात कुणाला सांगायला नको.

२०२२ चे भटनागर पुरस्कार २०२३ च्या सप्टेंबरात जाहीर झाले. बारा जण होते, त्यांत एकही स्त्री नव्हती. जीवशास्त्राचे दोन पुरस्कार चंदीगडच्या आणि हैदराबादच्या प्रयोगशाळांत काम करणाऱ्यांना गेले. कामे निःसंशय मोठी, त्यांच्याबद्दल आमची तक्रार नाही. त्यानंतर केंद्र सरकारने जुने बरेच पुरस्कार मोडीत काढून 'राष्ट्रीय विज्ञान पुरस्कार' आणले. त्यात तरुणांसाठी 'विज्ञान युवा' असा वर्ग ठेवला आणि भटनागरांचे नाव त्याला जोडले. वयाची अट तीच, पंचेचाळीस. २०२४ मध्ये पहिल्यांदा ३३ पुरस्कार दिले गेले. सर्वोच्च 'विज्ञान रत्न' रेणवीय जीवशास्त्रातले ज्येष्ठ संशोधक जी. पद्मनाभन यांना मिळाला. पण लगेच वाद झाला. समितीने निवडलेली काही नावे शेवटच्या यादीतून गळाली अशा बातम्या आल्या आणि दीडशेहून अधिक शास्त्रज्ञांनी सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांना पत्र लिहून निवडीचे निकष जाहीर करा अशी मागणी केली. मागणी रास्तच होती. फक्त मनात आले, की दार आतून कसे बंद होते याचा अनुभव या मंडळींना २०२४ मध्ये आला. आपल्याकडे तो पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे.

आता कुणी विचारील, या पुरस्कारांत एससी किती, एसटी किती, ओबीसी किती? उत्तर असे की पुरस्कारांच्या यादीत नाव असते, संस्था असते, विषय असतो. सामाजिक प्रवर्गाची बेरीज कुठेच छापलेली नसते. आडनावांवरून जात ओळखण्याचा धंदा आपण करू नये, तो त्यांचा धंदा आहे. पण पुरस्काराच्या एक पायरी खालचा आकडा मात्र उपलब्ध आहे. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची 'इन्स्पायर फॅकल्टी' नावाची योजना आहे. पीएचडी झालेल्या तरुण संशोधकाला पाच वर्षे स्वतंत्रपणे काम करण्यासाठी ती पगार आणि निधी देते. आजचा इन्स्पायर हाच उद्याचा भटनागर, असे प्रयोगशाळांतून सर्रास म्हटले जाते. 'नेचर' या जगप्रसिद्ध विज्ञान साप्ताहिकाने जानेवारी २०२३ मध्ये भारतीय विज्ञानातील जातीविषयी आकडेवारी छापली. त्यानुसार २०१६ ते २०२० या काळात इन्स्पायर फॅकल्टी मिळालेल्यांपैकी ८० टक्के तथाकथित उच्च जातींतले होते. अनुसूचित जातींचे ६ टक्के. अनुसूचित जमातींचे एक टक्क्याहूनही कमी. २०११ च्या जनगणनेत अनुसूचित जाती १६.६ टक्के आणि जमाती ८.६ टक्के आहेत, हे वाचकांना ठाऊकच आहे.

"मग मेरिट वाढवा," असे सांगणारे विद्वान लगेच पुढे येतील. त्यांनी २०१९ चा कायदा काढून वाचावा. १३ पॉइंट रोस्टरविरुद्ध देशभर आंदोलन झाले, तेव्हा संसदेने केंद्रीय शिक्षणसंस्थांतल्या शिक्षकपदांच्या आरक्षणाचा कायदा केला. आपण पेढे वाटले. कायद्याच्या शेवटी एक छोटे परिशिष्ट आहे, ते फार थोड्यांनी पाहिले. त्यात ज्या संस्थांना हा कायदा लागू होणार नाही त्यांची नावे आहेत. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था त्यात आहे, बंगळुरूचे जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्र आहे, मानेसरचे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे, होमी भाभा राष्ट्रीय संस्था आहे. आता मॉलिक्युलर बायोलॉजीच्या दृष्टीने ही नावे पुन्हा वाचा. या देशात हा विषय रुजला तो टाटा संस्थेत, होमी भाभांच्या निमंत्रणावरून ओबेद सिद्दिकी यांनी १९६२ मध्ये तिथे सुरू केलेल्या विभागातून. बंगळुरूचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र हे त्याच टाटा संस्थेचे अंग. म्हणजे ज्या घरांतून या विषयातले पुरस्कारविजेते निघतात, त्यांतली काही पहिली घरेच आरक्षणाच्या कक्षेबाहेर ठेवली गेली. कारण काय तर 'उत्कृष्टता'! पैसा मात्र सरकारचा, म्हणजे तुमच्या-आमच्या करातला. ही सवय नवीन नाही. संशोधनाच्या वरच्या वैज्ञानिक पदांना आरक्षणातून वगळण्याचे आदेश १९७५ पासून चालत आलेले आहेत.

आता त्या मुलीच्या वयाच्या मुद्द्याकडे येतो, कारण खरा काटा तिथे आहे.

पस्तीस वर्षांच्या आत मोठे काम दाखवायचे तर माणसाने बारावीनंतर एकही वर्ष वाया घालवता कामा नये. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी एमएससी, अठ्ठाविसाव्या वर्षी पीएचडी, मग परदेशात तीन-चार वर्षे, मग लॅब. असा सरळ रस्ता कुणाला मिळतो? ज्याच्या घरात पीएचडी म्हणजे काय हे आधीच माहीत आहे, त्याला. आमच्या या मुलीने तालुक्याच्या कॉलेजात बीएससी केले. मग धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी दोन वर्षे पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासण्याचे काम केले. मग एमएससी. नेट-जेआरएफ अशी परीक्षा असते हे तिला एमएससीच्या दुसऱ्या वर्षी कळले, तेही वसतिगृहातल्या एका सीनियर मुलीकडून. दोन वर्षे प्रोजेक्ट असिस्टंट. पीएचडी सुरू असताना आठ महिने फेलोशिपचा पैसा आला नाही. ही सगळी वर्षे जोडा. ती आळशी होती म्हणून गेली का? वाटेत कुणी दिवा धरला नाही म्हणून गेली. पुरस्काराचा नियम मात्र जन्मतारीख पाहतो, निघण्याची तारीख पाहत नाही. शर्यतीत एकाला शंभर मीटर पुढे उभे करायचे आणि घड्याळ सर्वांचे एकाच वेळी सुरू करायचे, याला आपण निष्पक्षपणा म्हणत आलो आहोत.

इन्स्पायरसारख्या योजनेत एससी-एसटीला वयात सवलत आहे हे खरे. पण अशी सवलत फेलोशिपला मिळते, सन्मानाला क्वचितच. आणि दुसरा मार्ग अशक्य आहे असेही नाही. युरोपातली मॉलिक्युलर बायोलॉजीची संघटना एम्बो ही तरुण संशोधक निवडताना, त्याने स्वतःचा संशोधन गट सुरू करून किती वर्षे झाली ते मोजते. आपल्याच देशात जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट यांच्या 'इंडिया अलायन्स'ने फेलोशिप देताना वयाची अटच ठेवली नाही, पीएचडीनंतरचा अनुभव पाहिला. त्यामुळे विज्ञान बुडाल्याचे ऐकिवात नाही. मग राष्ट्रीय पुरस्कारांना हे का जमू नये?

इथे काही वाचक म्हणतील, आपल्यापुढे अत्याचाराचे, जमिनीचे, शिष्यवृत्तीचे प्रश्न पडलेले असताना हे पेशी आणि जनुकांचे लचांड कशाला? त्यांना मी बाबासाहेबांकडेच नेतो. १९४२ च्या ऑक्टोबरात बाबासाहेबांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. त्यात शिक्षणाबाबत काय मागितले? विज्ञान आणि तंत्रज्ञान शिकणाऱ्या अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी दरसाल दोन लाख रुपयांच्या शिष्यवृत्त्या, आणि परदेशी विद्यापीठांत त्याच शिक्षणासाठी दरसाल आणखी एक लाख. कला आणि कायद्याचे शिक्षण आपल्या मुलांना फार पुढे नेणार नाही, सरकारने मदत करायची तर ती विज्ञानासाठी करावी, असा त्यांचा आग्रह होता. स्वतः अर्थशास्त्र आणि कायद्याचे प्रकांड पंडित असलेला माणूस हे सांगत होता! १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा कलाशाखेबरोबर विज्ञानशाखाही उघडली. आपण बाबासाहेबांचा 'शिका' घेतला, पण काय शिकावे याबाबतचा त्यांचा आग्रह सोयीने विसरलो. वकील झालो, अधिकारी झालो, प्राध्यापक झालो. प्रयोगशाळेच्या दाराशी मात्र आपली रांग अजून छोटीच आहे.

आणखी एक गोष्ट. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला. तेव्हा त्यांचे वय पंचवीस. डीएनएच्या दुहेरी गोफाची रचना सांगणारा लेख १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा जेम्स वॉटसनचे वयही पंचवीसच होते. वॉटसनला १९६२ मध्ये नोबेल मिळाले, आणि पुढे त्याच वॉटसनने आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या बुद्धीबद्दल अशी गरळ ओकली की ज्या संस्थेचा त्याने आयुष्यभर कारभार पाहिला तिला २०१९ मध्ये त्याच्या मानद पदव्या काढून घ्याव्या लागल्या. पुरस्कार मिळाला म्हणजे माणूस शहाणा झाला असे समजू नये, एवढ्यासाठी हे सांगितले. त्या शोधाला ज्या क्ष-किरण चित्राने मोठा आधार दिला ते रोझलिंड फ्रँकलिन या स्त्री-शास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली तिच्या प्रयोगशाळेत काढलेले होते, आणि ते वॉटसनला दाखवले गेले ते तिच्या नकळत. ती १९५८ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी वारली. नोबेल मृतांना देत नाहीत.

तर बाबासाहेबांचा तो निबंध. जातीचा गाभा म्हणजे सजातीय विवाह, आधी बाहेर लग्न करणाऱ्या समाजावर तो वरून लादला गेला, हा त्यांचा सिद्धांत. त्या काळी युरोपातले आणि इथलेही पंडित जातीचे मूळ वंशात शोधत होते, नाकाची लांबी-रुंदी मोजत होते. बाबासाहेबांनी ते झिडकारले. जवळजवळ शंभर वर्षांनी मॉलिक्युलर बायोलॉजीवाल्यांनी रक्ताचे नमुने घेऊन काय सांगितले? हैदराबादच्या सीसीएमबीचे आणि हार्वर्डचे संशोधक २०१३ मध्ये म्हणाले, की सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात भारतातले समूह एकमेकांत मोठ्या प्रमाणावर मिसळत होते, आणि मग हे मिसळणे थांबले. २०१६ मध्ये पश्चिम बंगालमधल्या कल्याणीच्या राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्थेने दाखवले की काही समूहांत सुमारे सत्तर पिढ्यांपूर्वी, म्हणजे साधारण दीड हजार वर्षांपूर्वी हे एकदम थांबले. हा गुप्तांचा काळ. 'द अनटचेबल्स' या १९४८ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी अस्पृश्यतेचा उगम इ. स. ४०० च्या आसपास ठेवला आहे, आणि त्यामागे बौद्ध धम्म व ब्राह्मणी धर्म यांचा संघर्ष पाहिला आहे. दोन्ही गोष्टी एकच नाहीत, हे मी मुद्दाम सांगतो. सजातीय विवाह वेगळा, अस्पृश्यता वेगळी, आणि कल्याणीचा निष्कर्ष मुख्यतः वरच्या जातींच्या नमुन्यांवरून निघालेला. उत्साहात येऊन "विज्ञानाने बाबासाहेब सिद्ध केले" असे फलक लावण्याची घाई करू नये. पण मिसळलेल्या लोकांवर बंदी मागाहून आली, हे बाबासाहेबांनी ग्रंथ वाचून मांडले आणि यांनी ते रक्तात वाचले, इतके तरी निश्चित म्हणता येते. आता प्रश्न असा, की हे संशोधन करणाऱ्या खोलीत, नमुने कुणाचे घ्यायचे आणि निष्कर्षाला शब्द कोणते द्यायचे हे ठरवणाऱ्या टेबलाशी, आपला कुणी आहे काय? आपण नमुना म्हणून आहोत. संशोधक म्हणून किती आहोत?

नमुना या शब्दावरून विदर्भ आठवतो. सिकलसेल हा आजार तिकडे गावोगाव आहे, आदिवासींत आहे तसाच आपल्या बौद्ध समाजातही आहे. सांधे धरतात, पोटात कळा येतात, मूल वाढत नाही, आणि पूर्वी लोक म्हणायचे बाहेरचे काही लागले. या आजाराचा विज्ञानाच्या इतिहासातला मान मोठा आहे. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तो 'रेणूचा आजार' आहे असे जगात पहिल्यांदा सांगितले. पुढे व्हर्नन इनग्रॅम या तिशीतल्या संशोधकाने केंब्रिजमध्ये दाखवले की हिमोग्लोबिनच्या एका साखळीतला एकच दुवा बदलतो, आणि त्या एका बदलामुळे तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात. मॉलिक्युलर बायोलॉजी औषधशास्त्रात शिरली ती या आजाराच्या वाटेने. म्हणजे आपल्या मुलांच्या दुखण्यावर एक अख्खे शास्त्र वाढले. इनग्रॅमला नोबेल मिळाले नाही.

आज या दुखण्याची कथा बदलते आहे. जनुकात हवा तिथे काप घेणाऱ्या क्रिस्पर तंत्रासाठी २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पेंतिए या दोन स्त्रियांना मिळाले. त्या तंत्रावरचा सिकलसेलचा उपचार अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये मंजूर झाला. किंमत एका रोग्यामागे २२ लाख डॉलर! गडचिरोलीच्या माणसाने हा आकडा वाचून काय करावे? भारतात जुलै २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले, सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे ठरले. चांगली गोष्ट. पण त्याची आखणी आदिवासी भाग धरून आहे. विदर्भातला नवबौद्ध रोगी त्यात आपोआप धरला जाईलच असे नाही, त्यासाठी आपल्यालाच आरोग्य केंद्रावर बोलावे लागेल. दिल्लीच्या आयजीआयबी या सीएसआयआरच्या प्रयोगशाळेने स्वदेशी क्रिस्पर उपचार तयार केला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तो 'बिरसा १०१' या नावाने पुढे आणला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटशी त्यासाठी करार झाला. हे काम करणाऱ्यांना पुरस्कार मिळावेत, भरभरून मिळावेत. उपचाराला बिरसा मुंडांचे नाव दिले तेही योग्य केले. फक्त इन्स्पायरचा तो 'एक टक्क्याहून कमी' हा आकडा त्या नावाशेजारी ठेवून पाहावा.

आपली मुले तिथवर पोहोचत का नाहीत, याचे निम्मे उत्तर महिन्याच्या एक तारखेला दडलेले असते. प्रयोगशाळेतले काम शेतासारखे असते, मध्येच सोडता येत नाही. उणे ऐंशी अंशांवर ठेवलेल्या पेशी, विदेशातून मागवलेली विकरे, तीन-तीन महिने चालणारे प्रयोग. त्यात फेलोशिप थांबली की पोरगा शिकवण्या घेतो, रात्री दुसरे काम धरतो आणि प्रयोग मागे पडतो. रोहित वेमुला जीवशास्त्राकडून समाजशास्त्राकडे वळलेला, सीएसआयआरची जेआरएफ मिळवलेला मुलगा होता. १७ जानेवारी २०१६ ला तो गेला तेव्हा त्याच्या फेलोशिपचे सात महिन्यांचे एक लाख पंच्याहत्तर हजार रुपये बाकी होते, हे त्यानेच लिहून ठेवले. कार्ल सेगनसारखे विज्ञानलेखन करायचे त्याचे स्वप्न होते. आपण त्याच्यासाठी मोर्चे काढले. त्या थकबाकीच्या प्रश्नाचा मात्र पाठपुरावा सोडला. २०२३ मध्ये बार्टीच्या ८६१ संशोधक विद्यार्थ्यांना फेलोशिपसाठी आझाद मैदानावर बसावे लागले. २०२५ मध्ये केंद्राच्या परदेश शिष्यवृत्तीसाठी १०६ जण निवडले गेले आणि निधीचे कारण देत आधी फक्त ४० जणांच्या हाती पत्रे पडली. १९४२ मध्ये बाबासाहेबांनी ज्यासाठी परकीय सरकारशी भांडण केले, ती ही शिष्यवृत्ती.

हरगोविंद खुराना यांचे उदाहरण नेहमी दिले जाते. मुलतानकडच्या लहानशा खेड्यातला पटवाऱ्याचा मुलगा, झाडाखालची शाळा, १९४५ मध्ये सरकारी शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेला, १९४९ मध्ये परत आला, तर देशात नोकरी मिळाली नाही. पुन्हा बाहेर गेला. १९६८ मध्ये नोबेल. मग पद्मविभूषण. आपल्याकडच्या पुरस्कारांची ही रीतच दिसते. खुराना तर आपल्यासारखे गावकुसाबाहेरचेही नव्हते.

सरकारकडे मागायचे ते मागूच. वय जन्मतारखेवरून न मोजता पीएचडीच्या तारखेपासून मोजा. दरवर्षी किती नावे आली आणि किती निवडली, त्याची प्रवर्गवार बेरीज छापा, व्यक्तीचे नाव नको, नुसती बेरीज द्या. २०१९ च्या कायद्याचे ते परिशिष्ट रद्द करा. आपल्या खासदारांनी यातला एक तरी प्रश्न संसदेत लेखी विचारावा, तारांकित नसला तरी चालेल. पण काही गोष्टी आपल्याच हातात आहेत. आपल्यातले जे आज प्रयोगशाळांत आहेत, पुण्याच्या एनसीसीएसमध्ये, आयसरमध्ये, खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये, हैदराबादला, त्यांनी जात लपवून जगू नये असे मी म्हणणार नाही. तिथे काय सोसावे लागते ते बाहेर बसून सांगणे सोपे आहे. पण निदान आपल्या तालुक्याच्या कॉलेजातल्या बीएससीच्या मुलांना वर्षातून एकदा भेटून जेआरएफ काय, अर्ज कधी निघतो, शिफारसपत्र कुणाकडून घ्यायचे एवढे सांगावे. आमच्या त्या मुलीची तीन वर्षे एवढ्या माहितीअभावी गेली.

आणि सत्कार समित्यांनी शालींचा हिशोब करावा. त्या दिवशी बोलताना कळले की तिचा शोधनिबंध परदेशातल्या एका परिषदेसाठी स्वीकारला गेला आहे. राहण्या-जेवण्याचे आयोजक पाहणार आहेत, विमानाचे तिकीट आणि नोंदणी तिने पाहायची आहे. संस्थेकडून काही मिळेल, पण ते प्रवास झाल्यावर, पावत्या जोडून. तरुण शास्त्रज्ञाचे नाव होते ते अशाच परिषदांत, तिथेच पुढची शिफारसपत्रे तयार होतात. मी समितीच्या खजिनदारांना मंडप, ध्वनिक्षेपक, शाली आणि जेवणाचा खर्च विचारला. त्यांनी सांगितला, तो तिकिटाच्या जवळपास निम्मा होता. मी म्हणालो, "पुढच्या वर्षी मंडप नको, विहारातच बसू. उरलेले पैसे हिला देऊ." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "सर, विषय बैठकीत मांडा. मी अनुमोदन देतो." बैठक येत्या रविवारी आहे.